डिसेंबरची रॅली, जुलैचा पंधरवडा आणि मधली बाई

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा. अर्धी वाचून कमेंट करू नका, कारण विषय अर्ध्यावर तोडला की चुकीचाच अर्थ निघतो.

दरवर्षी १ डिसेंबरला आपल्याकडे एड्स दिनाची रॅली निघते. नर्सिंगच्या मुली, एनएसएसची पोरं, छातीवर लाल फिती, चौकात घोषणा, शेवटी केळी आणि बिस्कीटपुडा. मग ११ जुलैला लोकसंख्या दिन येतो. कुटुंब नियोजनाचा पंधरवडा लागतो. बॅनर बांधणारा तोच, चौक तोच, फक्त मजकूर वेगळा आणि व्यासपीठावरचे साहेब वेगळे. दोन्ही कार्यक्रमांचे फोटो मी गेली कित्येक वर्षं छापतोय. ‘मोठ्या उत्साहात संपन्न’ हे शब्द तर आता बोटांना पाठ झालेत.

या दोन तारखांच्या मध्ये एक बाई असते. ती एड्सवाल्यांच्या रजिस्टरमध्ये आहे. कुटुंब नियोजनवाल्यांच्या रजिस्टरमध्ये नाही. तिच्याबद्दल लिहितोय.

काही महिन्यांपूर्वी रात्री साडेदहाला फोन आला. ‘भाऊ, रक्ताच्या तीन पिशव्या पाहिजेत, तुमची ब्लड बँकेत ओळख आहे का?’ असे फोन पत्रकाराला येतातच. धावपळ केली, रक्त मिळालं, बाई वाचली. नंतर आठ-दहा दिवसांनी तिच्याच घरातून सगळी हकिगत कळली. तिने स्वतः सांगितलं, ‘माझं नाव-गाव सोडून काय लिहायचं ते लिहा.’ म्हणून ओळख पटेल असं सगळं मी बदललंय. शोधायच्या भानगडीत पडू नका.

नवरा-बायको दोघंही एचआयव्हीसह जगतात. सात वर्षांपासून एआरटी सुरू आहे, म्हणजे सरकारकडून मोफत मिळणाऱ्या गोळ्या. दोघंही धडधाकट, कामाला जाणारे. दोन मुलं. धाकटं मूल उपचार सुरू असताना झालं. अठरा महिन्यांची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली तेव्हा तिने देवीला खण-नारळ वाहिला. दोन पुरे, असं तिने तेव्हाच ठरवलं होतं. ऑपरेशन करून घ्यायला गेली. पहिल्यांदा तारीख मिळाली. त्या दिवशी केसपेपर चाळल्यावर अचानक ‘डॉक्टर सुट्टीवर’ निघाले. दुसऱ्यांदा सांगितलं, ‘तुमची केस इथं होत नाही, मोठ्या दवाखान्यात जा.’ तिसऱ्यांदा तिने तांबी बसवून मागितली, तर उत्तर मिळालं, ‘तुमच्यासारख्यांना बसवत नाहीत.’ तीन चकरा म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. चौथ्यांदा ती गेली नाही.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. दिवस गेले. खासगीत विचारलं तर आजार कळल्यावर दर वाढला. मग कुणीतरी मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या, चिठ्ठीशिवाय. रक्तस्राव थांबेना. आणि रात्री साडेदहाला मला फोन.

मी तिला एकच विचारलं. ‘ताई, तुम्ही गोळ्या आणायला दर महिन्याला जाता ना? तिथं कुणी विचारलं नाही का, की पुढं मूल हवंय का, पाळणा थांबवायला काय वापरता?’

ती म्हणाली, ‘विचारतात ना. गोळ्या वेळेवर घेता का? निरोध वापरता का? मी हो म्हणते. ते निरोध देतात. मी पिशवीत घालते. पण वापरायचा की नाही हे मी थोडंच ठरवते?’

कोरोनात दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या, तो काळ सोडून देऊ. तरी सात वर्षांत ही बाई साठ-सत्तर वेळा सरकारी आरोग्य यंत्रणेच्या समोर खुर्चीवर बसली. तिचं वजन झालं. रक्त तपासलं. गोळ्या मोजून दिल्या, उरलेल्या मोजून घेतल्या. साठ-सत्तर वेळा! आपल्या देशात कुठल्या बाईला सरकारी डॉक्टर इतक्या वेळा भेटतो? आणि तीच बाई कुटुंब नियोजनाच्या साध्या सोयीअभावी मरता मरता वाचते. याला काय म्हणायचं?

आता म्हणाल, हा एका बाईचा वाईट अनुभव झाला, व्यवस्थेला कशाला धरता? तर ऐका.

आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने चार पायऱ्या सांगितल्यात. पहिली, बायकांना मुळात लागणच होऊ नये. दुसरी, एचआयव्ही असलेल्या बाईला तिला नको असलेली गर्भधारणा होऊ नये. तिसरी, गर्भधारणा झालीच तर औषधोपचार करून बाळाला वाचवावं. चौथी, आई, बाळ आणि कुटुंबाची पुढची काळजी. आपल्याकडे तिसऱ्या पायरीवर बरंच काम झालंय आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. नीट उपचार मिळाले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. गरोदरपणातली तपासणी, औषध, बाळाच्या चाचण्या, सगळी साखळी उभी राहिलीय. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यात, म्हणजे २०२१ ते २०२६ या काळात, ही लागण संपवण्याचं ध्येय ठेवलं गेलं.

पण दुसरी पायरी कुठाय? जिना चढताना आपण पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतोय. बाई गरोदर राहिली की यंत्रणा खडबडून जागी होते. ती गरोदर राहण्याआधी तिला काय हवंय, हे विचारायला मात्र कुणी नाही.

असं का होतं? कुणी खलनायक आहे म्हणून नाही. दोन खाती आहेत म्हणून.

एचआयव्हीचं काम दिल्लीतल्या ‘नॅको’कडून राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेकडे आणि तिथून जिल्ह्यात येतं. एआरटी केंद्र असतं सिव्हिलमध्ये किंवा मेडिकल कॉलेजात. सिव्हिल चालतं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. कुटुंब नियोजन येतं राष्ट्रीय आरोग्य अभियानातून. गावपातळीवर ते चालतं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली, प्राथमिक आरोग्य केंद्र, सिस्टर आणि आशाताईंमार्फत. पैसा वेगळा, रजिस्टर वेगळं, आढावा बैठक वेगळी, वर कळवायचे आकडे वेगळे. एआरटी केंद्राला विचारलं जातं की किती रुग्ण गोळ्या नियमित घेतात. त्यातल्या किती बायकांना पाळणा थांबवायचाय आणि किती जणींना साधन मिळालं, हे त्यांना कोण विचारतं? आणि सरकारी कामाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. ज्याचा रकाना नाही, ते काम नाही.

कागदावर पाहाल तर सगळं आहे. समुपदेशकाने कुटुंब नियोजनाचा सल्ला द्यावा, गरज असेल तर पुढे पाठवावं. ‘पुढे पाठवावं’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे. पुढे पाठवणं म्हणजे एक चिठ्ठी. ती घेऊन बाईने दुसऱ्या इमारतीत जायचं, नवा केसपेपर काढायचा, नव्या रांगेत उभं राहायचं आणि अनोळखी माणसासमोर आपला आजार पुन्हा पहिल्यापासून सांगायचा, मागे दहा जण कान देऊन उभे असताना. तुम्ही सांगाल? मी नसता सांगितला. ती चिठ्ठी बहुतेक वेळा एसटी स्टँडच्या कचऱ्यात जाते.

‘पण निरोध देतात ना? मग काय अडचण?’ हा प्रश्न मला एका शिकल्यासवरल्या मित्रानेच विचारला. निरोध पाहिजेच, त्याला पर्याय नाही, कारण लागण आणि इतर गुप्तरोग दोन्ही तोच अडवतो. पण गर्भधारणा रोखायला रोजच्या व्यवहारातला एकटा निरोध पुरत नाही. प्रत्येक वेळी आणि अगदी बरोबर वापरला तर वर्षभरात १०० पैकी साधारण २ जणींना दिवस जातात. माणसं प्रत्यक्षात जशी वापरतात तसा वापरला तर साधारण १३ जणींना. आणि तो वापरणं बाईच्या हातात नसतं, हे वर ताईनेच सांगितलंय. म्हणून निरोध आणि त्याच्या जोडीला बाईच्या हातातलं दुसरं एखादं साधन, अशी दुहेरी काळजी डॉक्टर सांगतात.

ती साधनं सरकारकडे आहेत आणि फुकट आहेत. ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. ‘छाया’ गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. ‘माला-एन’ रोजची. तांबी पाच किंवा दहा वर्षांची. बाईचं ऑपरेशन, पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी. एचआयव्ही आहे म्हणून यातलं काहीही सरसकट बंद नाही. ‘तुमच्यासारख्यांना तांबी बसवत नाहीत’ हे त्या ताईला मिळालेलं उत्तर शास्त्राला धरून नव्हतं. आजार फार बळावलेला असेल तर नवी तांबी बसवणं डॉक्टर पुढे ढकलतात, ते ठीक. पण जी नियमित गोळ्या घेते आणि तब्येतीने बरी आहे, तिला तांबी चालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे काम एआरटीच्याच खोलीत का व्हायला हवं, याला एक पक्कं वैद्यकीय कारण आहे. काही औषधं एकमेकांना मारतात. एआरटीत पूर्वी सर्रास दिली जाणारी ‘इफाविरेन्झ’ ही गोळी गर्भनिरोधकातल्या हार्मोनचा जोर कमी करते, विशेषतः दंडात बसवायच्या इम्प्लांटचा. हे इम्प्लांट आपल्या देशात काही निवडक जिल्ह्यांत सरकारी योजनेत आता येऊ लागलंय. टीबीसाठीचं ‘रिफाम्पिसिन’ही गर्भनिरोधक गोळ्यांचा असर घटवतं, आणि एचआयव्हीबरोबर टीबी किती जणांना होतो हे तुम्ही जाणता. सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या ‘डोल्युटेग्राविर’ची अशी मोठी अडचण नाही. अंतरा इंजेक्शनलाही इफाविरेन्झने फारसा फरक पडत नाही. आता मला सांगा, हा हिशोब कोण करणार? मेडिकलवाला? ज्याला बाईचा आजारच माहीत नाही ती उपकेंद्रातली सिस्टर? जो डॉक्टर एआरटी लिहितो, त्याच्याच टेबलावर हा हिशोब व्हायला पाहिजे.

‘बोलायला सोपं आहे, करून कोण दाखवणार?’ केनियाने दाखवलंय. तिथल्या न्यान्झा प्रांतात एचआयव्हीच्या १८ दवाखान्यांत हा प्रयोग झाला, २०१३ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ दवाखान्यांत कुटुंब नियोजनाची साधनं एचआयव्हीच्या उपचारांच्या जागीच दिली, ६ ठिकाणी नेहमीसारखी चिठ्ठी देऊन पुढे पाठवलं. जिथे एकाच जागी सोय झाली, तिथे जास्त खात्रीची साधनं वापरणाऱ्या बायका साधारण १७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेल्या. चिठ्ठीवाल्या ठिकाणी २१ वरून ३० वर. चिठ्ठीनेही थोडं काम होतं, नाही असं नाही. पण एका ठिकाणी आकडा दुपटीहून जास्त झाला. आपल्या सिव्हिलपेक्षा केनियातल्या खेड्यांतल्या दवाखान्यांकडे काही जास्त पैसा होता असं समजू नका.

आता त्या कमेंटकडे येतो जी मला आधीच दिसतेय. ‘अशा लोकांनी मुलं जन्मालाच घालू नयेत. सरकारने सगळ्यांची ऑपरेशनं करून टाकावीत.’

हे वाक्य मी चहाच्या टपरीवर ऐकलंय, आणि पांढरा कोट घातलेल्या माणसाच्या तोंडूनही ऐकलंय. माझ्या पोस्टचा असा अर्थ कुणी काढला तर मी तुमच्या बाजूला नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आफ्रिकेतल्या नामिबियात हेच घडलं. बाळंतपणाला आलेल्या एचआयव्हीग्रस्त बायकांची त्यांच्या खऱ्या संमतीशिवाय नसबंदी केली गेली. त्या बायका कोर्टात गेल्या आणि २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही जिंकल्या. आणि नामिबिया लांब वाटत असेल तर आपल्याच घरात बघा. आणीबाणीत, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. आपल्या आज्या ‘कुटुंब नियोजनाची गाडी आली’ म्हटलं की माणसांना शेतात का लपवायच्या, ते विसरू नका.

आपला २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, स्पष्ट सांगतो की एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईची माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय तिची नसबंदी किंवा गर्भपात करता येणार नाही. आणि तोच कायदा हेही सांगतो की आजारामुळे कुणाला आरोग्यसेवा नाकारता येणार नाही. म्हणजे जबरदस्तीने ऑपरेशन करणं गुन्हेगारी वृत्तीचं, आणि मागूनही न करणं तेवढंच बेकायदा. त्या ताईच्या बाबतीत दुसरं घडलं. ‘आमच्या स्टाफला धोका’ ही सबब चालत नाही. हातमोजे, निर्जंतुक हत्यारं, सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत सुरू करायची औषधं, ही काळजी प्रत्येक रुग्णासाठी घ्यायची असते. कारण समोरच्या टेबलावरच्या कितीतरी रुग्णांची तपासणी झालेलीच नसते.

आणि ज्यांना मूल हवंय त्यांचं काय? कुटुंब नियोजन म्हणजे फक्त ‘नको’ नाही. ‘हवं आहे, पण कधी आणि कसं’ हेही त्यातच येतं. नीट औषध घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका दाबला गेला, तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध आहे. त्याचा पाया घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आपल्या पुण्याची संस्थाही सहभागी होती. लवकर उपचार दिल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असं २०११ साली त्यातून समोर आलं. म्हणजे एखाद्या जोडप्याने सांगितलं, ‘डॉक्टर, आम्हाला मूल हवंय,’ तर त्यांना ओरडायचं नाही. व्हायरल लोड बघायचा, कधी थांबा आणि कधी पुढे जा हे सांगायचं. प्रश्न एकच विचारायचा आहे, ‘तुम्हाला काय हवंय?’ उत्तर कोणतंही आलं तरी त्याची सोय त्याच खोलीत असली पाहिजे.

आणि पुरुषांबद्दलही एक वाक्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. एआरटी केंद्रात नवराही दर महिन्याला येतोच ना? मग त्याला कधी विचारणार?

समुपदेशकांवर खापर फोडायला ही पोस्ट नाही. त्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत. एका दिवसात ढीगभर रुग्ण, रजिस्टरं, ऑनलाइन नोंदी आणि त्यात वेळेवर न होणारे पगार. त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम टाका आणि आणखी काहीच देऊ नका, असं मी म्हणत नाही. पण एआरटी केंद्रात डॉक्टर आहे, नर्स आहे, औषधनिर्माता आहे. गोळीची पाकिटं आणि इंजेक्शनची कुपी ठेवायला नवी इमारत लागत नाही.

शंभर वर्षांपूर्वी, १९२१ साली, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यांनी संततिनियमनावर लिहिलं आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही लिहिलं. दोन्ही गोष्टी एकाच शरीराच्या आहेत हे त्या माणसाला कळत होतं. त्यापायी त्यांनी नोकरी घालवली, खटले झेलले. आणि आपण शंभर वर्षांनी त्याच शरीराच्या दोन फायली करून दोन साहेबांच्या टेबलांवर ठेवल्यात.

मागणी मोठी नाही. जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, दोन्ही साहेबांना जाहीरपणे विचारतोय:

१. एआरटी केंद्राच्या औषध खिडकीवर निरोधासोबत छाया, माला-एन, अंतरा आणि तातडीची गोळी कधीपासून मिळेल?

२. केंद्रातल्या एका नर्सला अंतरा आणि तांबीचं प्रशिक्षण, आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस. होईल का?

३. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर एक रकाना: ‘मूल हवं / आता नको / कधीच नको’. दर सहा महिन्यांनी विचारायचा, स्त्रीलाही आणि पुरुषालाही. मात्र याला टार्गेट लावायचं नाही. टार्गेट आलं की जबरदस्ती येते.

४. आजारामुळे ऑपरेशन किंवा तांबी नाकारली तर तक्रार कुणाकडे करायची? कायद्याने २० किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमायचा असतो. त्याचं नाव बोर्डावर लावा.

५. दोन्ही खात्यांची या विषयावर महिन्यातून एक एकत्र बैठक. चहा मी पाजतो.

हेच पाच प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जातही टाकतोय. ३० दिवसांत उत्तर आलं की इथेच टाकेन. नाही आलं तर तेही इथेच टाकेन.

पत्रकार म्हणून स्वतःलाही सांगतो. येत्या १ डिसेंबरला रॅलीचा फोटो मी छापणार नाही. त्या जागी या पाच प्रश्नांची उत्तरं छापेन. नसतील तर ‘उत्तर नाही’ एवढंच छापेन.

शेवटचं. कमेंटमध्ये कुणाचंही नाव, गाव, नातं, आजार लिहू नका. ‘मला माहितीये कोण ते’ असं तर अजिबात नको, तसली कमेंट दिसली की लगेच उडवेन. कुणाला स्वतःसाठी माहिती हवी असेल तर १०९७ हा सरकारी मोफत हेल्पलाइन नंबर आहे, नाव न सांगता बोलता येतं.

ती ताई आता कामाला जाते. परवा गोळ्या आणायला गेली होती. मी विचारलं, ‘या वेळी काही विचारलं का?’

म्हणाली, ‘हो. गोळ्या वेळेवर घेता का, एवढंच.’